आधी चूल पाहू दे

कुणाच्याही घरी गेल्या तरी मावशी ओसरीत टेकायच्या नाहीत. चपला दारात, पिशवी दारात आणि पाय सरळ आतल्या खोलीकडे. घरची बाई गडबडून "या, बसा" म्हणायची. मावशींचं उत्तर ठरलेलं.

"बसते वं. आधी चूल पाहू दे."

मग चुलीसमोर उकिडवं बसून त्या राख चिमटीत घेऊन चोळायच्या, बाजूचं सरपण बघायच्या, आढ्याकडे नजर टाकून धूर कुठून जातो ते बघायच्या. एवढं झालं की बाहेर येऊन चहा. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. दुसऱ्याच्या घरात जिथं बघू नये नेमकं तिथंच त्यांना बघायचं असतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, बरं नाही दिसत हे." त्या म्हणाल्या, "माणसाले इचारलं तं माणूस बरंच हाय म्हणते. चुलीले इचारा लागते."

माझीही चूल त्यांनी पाहिली होती. मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि रेल्वेतल्या मामानं मला नागपूरला आणलं. वर्षभरात मामाची बदली झाली, मी मागे राहिलो. शहराबाहेर उमरेड रस्त्याला एक शेतकी प्रशिक्षण केंद्र होतं, तिथं रोजंदारीवर फिल्डमन म्हणून लागलो होतो. कोकणातला म्हणजे भात कळत असेल, एवढ्याच भांडवलावर. भाषा मराठीच, पण पहिले काही महिने मला निम्मं कळायचं नाही. कोणी "का?" ऐवजी "काहून?" म्हणालं की मी नुसता हसायचो.

मावशी कुहीकडच्या एका गावच्या. आम्ही लावणी म्हणतो तिला इकडे रोवणी म्हणतात. त्या रोवणीच्या बायकांच्या म्होरक्या होत्या. हंगामात वीस बायका घेऊन केंद्रावर यायच्या. एकदा माझ्या खोलीत शिरल्या, रॉकेलचा स्टो पाहिला, झाकण उघडून पातेलं पाहिलं. नुसता भात, तोही कालचा.

"तोंडी काय लावतं गा?"

"मीठ."

त्यांनी झाकण परत ठेवलं. दुसऱ्या दिवशीपासून वीस बायकांच्या शिदोरीतून एकेक घास माझ्याकडे यायला लागला. कुणाची भाकरी, कुणाची चटणी, कुणाचं वरण. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला नको म्हटलं नाही.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दिवसांतली गोष्ट. श्रीलंकेतल्या एका संस्थेनं आमच्या केंद्राला निमंत्रण दिलं. भात पिकवताना जमिनीचा कस कसा राखायचा, विकतच्या खतावाचून कसं भागवायचं, ते त्यांच्या गावांत तीन आठवडे राहून बघा. पत्रात एक अट होती. आलेल्यांपैकी एक जण तरी स्वतःच्या हातानं रोप लावणारा हवा. केंद्राच्या साहेबांनी शेतकऱ्यांची बैठक घेतली आणि विचारलं, "तुमच्यापैकी रोवणी कोण करतं?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रोवणी बायकाच करतात. शेवटी तीन शेतकरी आणि मावशी, अशी यादी झाली.

"आणि बरोबर तू जा," साहेब मला म्हणाले. "तू कोकणातला. बोटीची सवय असेल."

मी आयुष्यात एकदाच खाडी ओलांडली होती, तीही होडीतून, आईच्या मांडीवर. पण नाही म्हणायची छाती झाली नाही. साहेबांनी मला बसवून ताकीद दिली. "येताना बी, रोप, माती, काही आणायचं नाही. तिकडून रोगराई येते म्हणून तपासणी असते. एखाद्याच्या पिशवीत काही सापडलं तर पुन्हा आपल्याला कुणी बोलावणार नाही. तुझ्या भरवशावर पाठवतोय. आल्यावर तुझ्या कायम होण्याचं बघू."

कायम. त्या एका शब्दासाठी मी चार वर्षं मीठभात खाल्ला होता.

पासपोर्टचा फोटो काढायला मी मावशींना नागपूरच्या महाल भागात घेऊन गेलो. फोटोवाल्याचं दुकान पुढे, बिऱ्हाड मागे. तो काळ्या कापडात डोकं घालून तयार झाला तर स्टूल रिकामं. मावशी मागच्या खोलीत त्याच्या बायकोला सांगत होत्या, "चुलीचं तोंड दाराकडं कर वं, डोळे जातीन तुह्ये." तो चिडला तो चिडलाच. त्या फोटोत मावशी किंचित तिरक्या दिसतात, कारण त्या मागच्या दाराकडे बघतायत.

आम्ही मद्रासला गेलो, तिथून रामेश्वरम, तिथून बोट. मी कठड्याला धरून पोटातलं सगळं समुद्राला दिलं. जन्मात समुद्र न पाहिलेल्या मावशी माझं कपाळ धरून उभ्या होत्या.

"हा का तुमचा कोकण्याचा समुद्र?"

मी मान हलवली.

"एवढं पाणी, न धुरा ना बांधी. वाया चाललं बाप्पा सगळं." धुरा म्हणजे बांध आणि बांधी म्हणजे भातखाचर. दोन्ही नसलेलं पाणी त्यांना बघवत नव्हतं.

तिथल्या गावात पाहुण्या म्हणून मावशींसाठी बांधावर खुर्ची मांडली, वर छत्री धरली. त्या तिथं पाच मिनिटं टिकल्या असतील. मग लुगडं खोचून सरळ चिखलात. तिथं दोरी ताणून तिच्या रेघेत रोपं लावत होते. मावशींनी दोन ओळी लावल्या, कंबर सरळ केली आणि मला म्हणाल्या, "दोरी चांगली हाय. पण दोन माणसं दोरी धरून उभे हायेत, ते काहून रोवून नाही राहिले? त्याह्यले कंबर नाही का?" आमच्यातल्या एका मॅट्रिक झालेल्या शेतकऱ्यानं इंग्रजीत काहीतरी भलतंच सांगितलं आणि यजमानांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या बाई मावशींच्याच वयाच्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पहिल्या दिवशी त्या बाई नुसत्या हसायच्या आणि मावशी आत जायला निघाल्या की नम्रपणे आडव्या यायच्या. पाहुणीनं स्वयंपाकघरात कशाला यावं! मावशी कासावीस. चूल न पाहता त्यांना घास जात नव्हता.

त्या घरात बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती, पुढे पांढरी फुलं. मावशी नवऱ्याबरोबर कुहीहून पायी चालत येऊन छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मूर्तीपुढे बसल्या आणि डोळे मिटून त्रिशरण म्हणायला लागल्या. पहिली ओळ होते न होते तोच आतून दुसरा आवाज त्यात मिसळला. घरच्या बाई हात पुसत येऊन शेजारी बसल्या. चाल थोडी वेगळी, शब्द तेच. पंचशील संपेपर्यंत दोघी एका आवाजात म्हणत होत्या. झाल्यावर त्या बाईंनी मावशींचा हात धरला आणि स्वतः आत नेलं.

थोड्या वेळानं हाक आली. "कोकण्या, इकडं ये. इचार हिले, गवऱ्या कोठी ठेवते?"

संस्थेनं दिलेल्या, मोडकं हिंदी बोलणाऱ्या दुभाष्या पोराला मी बोलावलं. त्यानं विचारलं. त्या बाईंना प्रश्नच कळेना. शेणाच्या गोवऱ्या, चुलीत जाळायच्या, असं हातवारे करून सांगितल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. शेण कुणी जाळतं का? शेण शेतात जातं.

"मंग चुलीत काय जाते?"

त्यांनी कोपरा दाखवला. एका लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाड काड्या मोळ्या बांधून रचलेल्या. मग आम्हाला परसात नेलं. कुंपणच झाडांचं होतं. काठ्या रोवलेल्या, त्यांना फुटवे आलेले. दर दोनतीन महिन्यांनी ते कापायचे. पाला चिखलात तुडवायचा, तो भाताचं खत. काड्या वाळवायच्या, ते चुलीचं सरपण. पुन्हा फुटतं.

मावशी त्या कुंपणापाशी बराच वेळ उभ्या होत्या. आमच्या तिघा शेतकऱ्यांच्या वह्यांत दोरीची लांबी होती, रोपांमधलं अंतर होतं, बियाण्याची जात होती. गोवऱ्या नाहीत, हे कुणाच्याच वहीत नव्हतं. माझ्याही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मावशींचा पाय मुरगळला. घरच्या बाईंनी कुठूनशी एक काठी आणून दिली. मावशी कण्हत, काठी टेकत स्टेशनापर्यंत आल्या. मी त्यांची पिशवी घेतली. फार वाईट वाटत होतं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

"मावशी, काल उजवा पाय होता ना?"

"आज डावा धरला. वात हाय गा, फिरते."

बोटीवर त्यांनी काठीच्या खालच्या टोकाचं फडकं सोडलं, तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि पुन्हा बांधलं. तेव्हा मला कळलं. ती कुंपणाची काठी होती. जिवंत.

"मावशी, हे टाकून द्या समुद्रात. हात जोडतो. सापडलं तर माझी नोकरी जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण आवाज एकदम खाली आला. "चाळीस वर्सं झाली, शेण थापून राहिली. जंगलातलं लाकूड तोडू देत नाही, मंग काय जाळीन? बांधीच्या तोंडचा घास काढते न चुलीत घालते. मले वाटे, बाईचं जगणं असंच राह्यते. आता पाह्यलं, तसं नाही. हे कसं सोडू, सांग?"

मी आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते पाहिलं.

"पकडलं तं मी म्हणन, याले माहीतच नोतं. खोटं मी बोलन, तू नोको बोलू. जाय, झोप."

झोपल्या मात्र त्याच. भर दुपारी, डेकवर, पिशवी उशाला घेऊन. काठी माझ्याजवळ राहिली. मी ती घेऊन कठड्यापाशी गेलो. हात बाहेर काढला की काम झालं असतं. म्हटलं असतं, हेलकाव्यानं सुटली. मी काठी आडवी धरली. सालीवर एका जागी टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा डोळा वर आला होता. त्या काठीला माझ्या नोकरीचं काय माहीत! मी परत येऊन फडकं ओलं केलं.

रामेश्वरमला आम्ही तपासणीच्या टेबलापाशी उभे राहिलो. अधिकारी तमिळ, हिंदी मोडकंतोडकं. मावशींची पिशवी उपसली. लुगडं, तांब्या, तंबाखूची डबी, बुद्धाची छोटी तसबीर. मग त्यानं काठीकडे बोट केलं.

"ये क्या है?"

"पैर," मावशी म्हणाल्या.

"पैर?"

"दो मोडले, तो ये तिसरा लाया साहेब."

त्यानं काठी हातात घेतली, तोलून पाहिली. नखानं खरवडली असती तर आत हिरवं निघालं असतं. तेवढ्यात काठीविना मावशी अशा काही डगमगल्या की तो स्वतःच खुर्ची घेऊन धावला. त्यांना बसवून तो माझ्याकडे वळला.

"तुम्हारी माँ है?"

मी आईला चार वर्षांत पाहिलं नव्हतं. तिची चूल कशी पेटते, सरपण कोण आणतं, मला माहीत नव्हतं.

"हाँ," मी म्हणालो.

"फिर सामान तुम उठाओ," तो रागानं म्हणाला आणि काठी मावशींच्या हातात दिली. "माँ से उठवाता है!"

दाराबाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "म्या सांगितलं होतं, खोटं तू नोको बोलू."

केंद्रावर पोचलो त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना झाडाखाली जमवलं होतं. शेतकरी वह्या उघडून बसले. मावशी लंगडत लंगडत सगळ्यांच्या देखत विहिरीजवळच्या धुऱ्यापर्यंत गेल्या. तिथं पडलेला विळा घेऊन माती उकरली, काठी रोवली, पायानं दाबली. आणि लुगडं झटकून ताठ चालत परत आल्या.

 साहेबांनी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग काठीकडे, मग माझ्याकडे.

"तुला माहीत होतं?"

"हो, साहेब."

"याले काढायचं असंन तं काढा," मावशी मधेच म्हणाल्या. "मी घेऊन जाते कुहीले. माह्या बांधीत रोवते यालेही."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. मला जीपमध्ये बसायला सांगितलं आणि शेतकी कॉलेजच्या फाटकापाशी नेलं. गाडी थांबवून म्हणाले, "बघ." कॉलेजच्या कुंपणाला त्याच झाडाची रांग होती. माणसाच्या दुप्पट उंच. कितीतरी वर्षांची. "एक चिठ्ठी दिली असती तर गाडीभर काड्या मिळाल्या असत्या. गिरिपुष्प म्हणतात याला. आणि तू चोरी करून आणलंस." मग गाडी केंद्राकडे वळवताना, "ती काठी जगली तर तू राहशील. नाहीतर बघू."

ते रागानं म्हणाले की गमतीनं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी ते खरं धरलं. जून महिन्याचं ऊन. मी दिवसातून चारदा त्या काठीला पाणी घालायला लागलो. आठ दिवस गेले, दहा गेले. तो हिरवा डोळा सुकून काळा झाला. मी रात्री मामाला पत्र लिहायला घेई आणि पहिल्या ओळीवर थांबे.

मावशी पऱ्हे टाकायला, म्हणजे भाताची रोपवाटिका करायला, आल्या तेव्हा मी कॉलेजच्या कुंपणाचं सांगितलं. वाटलं, ओशाळतील.

"ते सरकारचं," त्या म्हणाल्या. "हे माह्या पायानं आणलं." मग काठीच्या बुडाशी बोट खुपसून पाहिलं. "अन् तू मारून राहिला याले. बह्याड हायेस का गा? बुडवून ठेवलं. एवढं भ्यायचं काहून? थांब जरा. हात काढ याच्यावरचा."

मी हात काढला. पाणी थांबवलं. काळ्या डोळ्याच्या खाली, मातीच्या अगदी लगत, त्यानंतर बाराव्या दिवशी दुसरा डोळा आला. मग तिसरा. रोवणी लागेपर्यंत माझ्या हाताएवढे फुटवे झाले होते. कायम झाल्याचा कागद मिळाला तेव्हा मी साहेबांना काठीची आठवण केली. "कोणती काठी?" ते म्हणाले.

केंद्रातली माणसं त्या झाडाला गिरिपुष्प कधीच म्हणाली नाहीत. सगळे "लंगडी" म्हणायचे. "लंगडी छाटली का?" "दोन लंगड्या दे, आमच्या धुऱ्यावर लावतो." मावशींच्या बायका दर रोवणीला परत जाताना एकेक काडी घेऊन जायच्या. कॉलेजच्या कुंपणाकडे कुणी गेलं नाही.

कायम झाल्यावरच्या पहिल्या पगारात मी वेंगुर्ल्याला गेलो. पिशवी दारात ठेवून थेट आत. आई म्हणाली, "बस तरी." मी चूल पाहिली. ओलं सरपण, सगळं घर धुरानं भरलेलं. त्या खेपेला मी पंधरा दिवस राहिलो.

बऱ्याच वर्षांनी मावशी खरंच पडल्या. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर तशाच तिरक्या बघत होत्या, दाराकडे.

"आता खरं लंगडून राहिली गा. त्या बोटीवाल्या साहेबाले कळव."

मी त्यांच्यासाठी केंद्रातल्या लंगडीची एक चांगली सरळ काठी तासून नेली होती. वाटलं, खूश होतील. त्यांनी हात लावून पाहिली, साल नखानं खरवडली आणि परत दिली.

"ओली हाय. जित्यावर भार नोको टाकू. धुऱ्यावर लाव ही. मले बांबूची आणून दे."

मी बांबूची आणली. ती टेकत त्या दोन वर्षं चालल्या.

मावशी गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यांच्या गावी पोचलो तेव्हा सगळं उरकून महिना झाला होता. त्यांची सून दारात होती. "या, बसा भाऊजी," म्हणाली. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि म्हणालो, "बसतो. आधी चूल पाहू द्या."

ती एकदम हसली, मग पदर तोंडाला लावून बाजूला झाली.

परसातल्या भिंतीवर एकही गोवरी नव्हती. जिथं वर्षानुवर्षं थापल्या असतील तिथं नुसते गोल डाग उरले होते. चुलीशेजारी अंगठ्याएवढ्या काड्यांची मोळी आणि बांबूची काठी भिंतीला उभी. मी उकिडवा बसलो, राख चिमटीत घेतली. मऊ, पांढरी. मोळीपासून वेगळी एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

"ही?" मी विचारलं.

"ते नाही जाळत," सून म्हणाली. "त्याले डोळा आला हाय. आत्याबाई म्हणत, असं दिसलं का बाजूले ठेवत जा, कोणी ना कोणी न्यायले येते."

परतीच्या एसटीत मी खिडकीपाशी बसलो. ओल्या फडक्यातली ती काडी काठीसारखी दोन्ही पायांमध्ये उभी धरली होती. कंडक्टरनं विचारलं, "पाय दुखते का, भाऊ?"

मी हो म्हणालो.